एनिमाची बाटली आणली आहे, पण ती वडिलांना चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६७ वर्षांचे. चार दिवस शौचाला झालेलं नाही. खाली दाटून आल्यासारखं वाटतं, दोनदा बसून कुंथून उठले, पण खडा काही बाहेर येत नाही. औषधाच्या दुकानातून तयार एनिमाची बाटली आणली आहे. ती कशी द्यायची, आणि एकीने भागलं नाही तर लगेच दुसरी दिली तर चालेल का? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की त्यांना रक्तदाबासाठी दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक पाणी काढणारी, आणि गुडघे दुखले की ते वेदनाशामक गोळी घेतात.

मी परिचारिका आहे. आधी बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली आणि आता वयस्कर रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करते, त्यामुळे एनिमा हे रोजचंच काम. तुम्ही जाता जाता लिहिलेली ती गोळ्यांची ओळच मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची वाटली. एनिमा द्यायचा कसा, हे पाच मिनिटांत शिकता येतं. त्या माणसाला ती विशिष्ट बाटली चालेल का, हे ठरवणं जास्त अवघड, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. एकीने झालं नाही म्हणून त्याच दिवशी दुसरी द्यायची नाही. का, ते पुढे येईलच.

आधी हे बद्धकोष्ठच आहे ना, याची खात्री करू. चार दिवस हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. कुणी दिवसातून तीनदा जातं, कुणी आठवड्यातून तीनदा, आणि दोघंही ठणठणीत असू शकतात. वडिलांचं नेहमीचं काय आणि त्यात काय बदललं, ते बघायचं. अशा वेळी कुणाचा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, ‘वारा सरतोय का?’ ऐकणाऱ्याला जरा ओशाळल्यासारखं होतं, पण या एका उत्तरातून खूप कळतं. वारा सरत नसेल, पोट फुगून टणक झालं असेल, उलट्या होत असतील, ताप असेल किंवा पोटात जोराची कळ येत असेल, तर एनिमाचा विचारही करायचा नाही. थेट रुग्णालय गाठायचं. आतडं कुठे अडलं असेल किंवा आत सूज असेल, तर एनिमाने सुटका होत नाही. वर ते पाणी आत अडकून राहतं आणि नवीन संकट उभं राहतं. पोट का दुखतंय हेच माहीत नसताना एनिमा द्यायचा नाही, हा आमच्याकडचा जुना नियम आहे आणि त्याला मी आजवर अपवाद केलेला नाही.

शौचातून रक्त जात असेल, शौचाचा रंग डांबरासारखा काळा असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, किंवा वर्षानुवर्षं नियमित असलेल्या माणसाची सवय उतारवयात अचानक बदलली आणि तशीच राहिली असेल, तर तेही घरी निस्तरायचं काम नाही. तिथे आज पोट साफ होणं दुय्यम असतं. तपासणी लांबली, तर मूळ कारण लपून राहतं.

आणखी एक गोष्ट हमखास फसवते. कधी कधी घरचे सांगतात, ‘चार दिवस झालं नव्हतं, आज मात्र जुलाब लागलेत, पातळ पाणी सारखं येतंय.’ वयस्कर, कमी हिंडणाऱ्या माणसात हे जुलाब बहुतेक वेळा जुलाब नसतातच. मलाशयात मोठा कडक गोळा बसलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. अंतर्वस्त्राला डाग पडतात, ते माणसाच्या ताब्यात राहत नाही. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की प्रकरण आणखी गच्च होतं. असं काही असेल तर डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिकेने बोटाने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. ‘खाली दाटून येतं पण निघत नाही’ हे तुम्ही लिहिलंत ते उपयोगाचं आहे. एनिमा मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर काम करतो. खडा दाराशी येऊन अडला असेल तर तो काढायला एनिमा किंवा वात (गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची छोटी कांडी) हा योग्य उपाय. पण कळच येत नसेल, खाली काही भार वाटत नसेल आणि नुसतंच पोट जड असेल, तर मळ अजून वर आहे. तिथपर्यंत ही छोटी बाटली पोहोचत नाही. अशा माणसाला एनिमा दिला की तेच पाणी थोडं बाहेर येतं, घरचे म्हणतात ‘लागू पडला नाही’, आणि दुसरी बाटली फोडली जाते. पहिली कमी पडलेली नसते, ती चुकीच्या कामाला लावलेली असते.

आता बाटलीकडे वळू. ती हातात घ्या आणि लेबल वाचा. दुकानात जी तयार प्लास्टिकची बाटली ‘एनिमा’ म्हणून मिळते, ती बहुतेकदा सोडियम फॉस्फेटची असते. लेबलवर ‘सोडियम फॉस्फेट’, ‘सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट’, ‘मोनोबेसिक’, ‘डायबेसिक’ असं काही दिसलं तर ती तीच. नुसतं मिठाचं पाणी समजून लोक ती वापरतात, पण ते तसं नाही. मोठ्यांसाठीच्या एका प्रचलित बाटलीतून साधारण ११८ मिलिलिटर द्रावण आत जातं आणि त्यात १९ ग्रॅम मोनोबेसिक व ७ ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट असतं. त्यातलं सोडियम धरलं तर ४.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. म्हणजे एका बाटलीत दोन दिवसांच्या मर्यादेहून जास्त सोडियम असतं. हे सगळं रक्तात जात नाही, कारण ते लगेच बाहेर पडावं अशीच योजना असते. पण बाहेर पडलंच नाही तर?

हे द्रावण रक्तापेक्षा कितीतरी पटीने दाट क्षारांचं असतं. त्यामुळे ते आतड्याच्या भिंतीतून पाणी स्वतःकडे ओढून घेतं. मलाशय ताणलं जातं, ताण जाणवला की आतडं ढकलायला लागतं, आणि १ ते ५ मिनिटांत कळ येते. इथवर सगळं ठीक. पण आतडं सुस्त असेल, पुढे अडथळा असेल, आणि द्रावण आतच राहिलं, तर फॉस्फेट आणि सोडियम रक्तात शिरायला लागतं. फॉस्फेट वाढलं की रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. मग हातापायांना मुंग्या, स्नायूंना गोळे, गुंगी, आणि गंभीर प्रकारात हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय आतड्यात ओढलेलं पाणी शरीराचंच असतं, त्यामुळे शरीर कोरडं पडतं. निरोगी मूत्रपिंडं जास्तीचं फॉस्फेट लघवीवाटे टाकून देतात. मूत्रपिंडं आधीच मंद असतील तर ते साठत जातं. आणि वयाबरोबर मूत्रपिंडं थोडी मंद होतातच, माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या सोडियम फॉस्फेटच्या रेचकांबद्दल इशारा दिला होता. तोंडाने घ्यायचं असो वा गुदद्वारातून द्यायचं, २४ तासांत एकापेक्षा जास्त मात्रा नको. ५५ वर्षांपुढच्या व्यक्तींनी, शरीरात पाणी कमी झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार, आतड्याचा अडथळा किंवा आतड्याची सूज असणाऱ्यांनी, आणि मूत्रपिंडावर परिणाम करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ही औषधं कोणती, हेही त्यात आहे: पाणी काढणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ने नाव संपणाऱ्या गोळ्या, आणि आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या.

आता वडिलांकडे बघा. वय ६७. पाणी काढणारी गोळी चालू. दुसरी रक्तदाबाची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, पण बऱ्याचदा ती ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’च निघते. वर गुडघ्यांसाठी वेदनाशामक. एकेकटी गोष्ट कदाचित निभावली असती, पण इथे तीन-चार एकत्र आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत: बाटली फॉस्फेटची असेल तर ती सध्या कपाटात ठेवा. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी बघून आणि शक्यतो क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अलीकडचा रिपोर्ट बघून ‘चालेल’ म्हटलं, तरच काढा. मी हे फक्त भीती घालायला सांगत नाही. तरुण, निरोगी माणसाने वर्षातून एखाद्या वेळी सूचना वाचून एक बाटली घेतली तर सहसा काही होत नाही. तुमचे वडील त्या गटात बसत नाहीत, एवढंच.

मग आज काय करायचं? खडा दाराशी आहे असं वाटत असेल तर मी ग्लिसरिनच्या वातीपासून सुरुवात करते. काही दुकानदार तिला सपोझिटरी म्हणतील. तिचं टोक पाण्याने ओलं करायचं, डाव्या कुशीवर झोपून बोटाने हलकेच आत सरकवायची, गुदद्वाराचा घट्ट कडा ओलांडून पुढे. ती खड्यात खुपसायची नाही, आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. तिथे ती पाणी ओढते आणि कळ आणते. १५ मिनिटं ते एक तास वाट बघायची. रबरी हातमोजा असला तर घाला, आणि नखं कापलेली हवीत. ही बारीक सूचना वाटते, पण नखाने झालेली जखम चांगली दुखते.

दुसरा पर्याय म्हणजे ५ मिलिलिटरची छोटी सायट्रेटची नळी, जिला मायक्रो-एनिमा म्हणतात. त्यात फॉस्फेट नसतं, आत जाणारा द्रव जेमतेम चमचाभर असतो, आणि काम साधारण ५ ते २० मिनिटांत होतं. तिचंही लेबल वाचायचं आणि औषध देणाऱ्याला चालू गोळ्या सांगायच्याच. ‘एनिमा द्या’ असं म्हणून दुकानात उभं राहिलं की समोरची व्यक्ती जे पुढ्यात असेल ते देते. ‘वय ६७, रक्तदाबाच्या या या गोळ्या चालू आहेत, फॉस्फेट नसलेलं काही आहे का?’ असं विचारलं की संभाषणच बदलतं.

काही जणांच्या बाबतीत मी वात किंवा नळीही आपल्या मनाने देणार नाही: नुकतीच गुदद्वाराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाच्या औषधांमुळे पांढऱ्या पेशी उतरलेले, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, मूळव्याध किंवा चीर चिघळून रक्त येणारे, गर्भवती, हृदय निकामी होण्याचा त्रास असणारे. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाचा रक्तदाब नुसत्या गुदद्वाराच्या उत्तेजनानेही एकदम चढू शकतो, तिथे तर शिकवलेल्या हातानेच काम व्हावं. आणि लहान मुलांना मोठ्यांची बाटली कधीच नाही. २ वर्षांखालच्या बाळाला फॉस्फेटचा एनिमा कोणत्याही परिस्थितीत द्यायचा नाही.

समजा डॉक्टरांनी बाटली द्यायला हरकत नाही असं सांगितलं. तर द्यायचा कसा, ते नीट सांगते, कारण छापील सूचनांत तीन चित्रं असतात आणि नेमक्या अडचणीच्या जागा त्यात नसतात.

वेळ निवांत निवडा. शौचालय रिकामं असू दे, वाट मोकळी असू दे, पायपुसणं बाजूला सारा. वयस्कर माणूस घाईघाईत उठतो आणि पायपुसण्यात पाय अडकून पडतो. मला एनिमापेक्षा या दहा पावलांची जास्त काळजी वाटते. आधी लघवी करून यायला सांगा. अंथरुणावर प्लास्टिक आणि त्यावर जुना टॉवेल.

बाटली खोलीच्या तापमानाला असली की पुरे. फार गार लागत असेल तर कोमट पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ धरा आणि मनगटावर एक थेंब टाकून बघा. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. मलाशयाच्या अस्तराला भाजलेलं वेळेवर कळत नाही.

डाव्या कुशीवर झोपवा. डावा पाय जवळजवळ सरळ, उजवा गुडघा पोटाकडे दुमडलेला. मोठं आतडं शेवटी डाव्या बाजूने खाली येतं, त्यामुळे या स्थितीत द्रव आपोआप आत सरकतो. कमोडवर बसून किंवा उभ्याने द्यायचा नाही. एक तर द्रव खालीच राहतो, आणि टोक चुकीच्या बाजूला लागायची भीती जास्त.

टोकावरचं टोपण काढा. हसू नका, टोपणासकट घालायचा प्रयत्न होतो, कारण काही टोपणं टोकासारखीच दिसतात. टोकाला आधीच लावलेलं वंगण बहुतेकदा सुकलेलं असतं, म्हणून वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा, आणि थोडी गुदद्वारालाही. मग रुग्णाला म्हणा, ‘तोंडाने लांब श्वास सोडा’ किंवा ‘हलकंसं शौचाला बसल्यासारखं ढकला’. त्या क्षणी कडा सैल पडतो. त्याच वेळी टोक हळूच, किंचित डावीउजवीकडे हलवत आत न्यायचं, बेंबीच्या दिशेने. गुदमार्गाचा पहिला तीन-चार सेंटीमीटरचा भाग पुढे बेंबीकडे झुकलेला असतो आणि त्यानंतर मलाशय मागे माकडहाडाकडे वळतं. हे लक्षात न घेता जोराने ढकललं तर टोक समोरच्या भिंतीवर जातं, आणि टोक लागून जखम होते ती मुख्यतः तिथेच. टोक अडलं, तर ते अडलं. थोडं मागे घ्या, दिशा बदला, पुन्हा श्वास सोडायला सांगा. तरीही जात नसेल तर थांबा. त्या दिवसापुरता तो विषय संपला, जोर लावायचा नाही. टोक घालताना चुणचुणणं वेगळं. तीव्र दुखलं किंवा रक्त दिसलं तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. पुढच्या काही तासांत ओटीपोटात किंवा कंबरेत दुखायला लागलं, थंडी वाजून ताप आला, तर त्याचा संबंध या टोकाशी असू शकतो हे तिथे सांगायचं, लाजून लपवायचं नाही.

आत गेल्यावर बाटली तळाकडून हळूहळू दाबत आणा, गुंडाळी केल्यासारखी. पोटात मुरडा आला तर अर्धं मिनिट थांबा. बाटली पूर्ण रिकामी होत नाही. थोडं द्रावण तळाशी राहतं आणि ते राहावं अशीच तिची रचना असते. शेवटचा थेंब काढायच्या नादात लोक हात सोडून पुन्हा दाबतात, मग बाटली आतलं पाणी परत शोषते. हात दाबलेलाच ठेवून टोक बाहेर काढायचं.

आता पडून राहायचं, जोराची कळ येईपर्यंत. १ ते ५ मिनिटं पुरतात. ‘जितका वेळ धरून ठेवाल तितकं बरं’ असं काही जण सांगतात, ते तेलाच्या एनिमासाठी खरं असेल, फॉस्फेटसाठी नाही. कळ आली की आधार देऊन उठवा. बसल्यावर पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, आणि थोडं पुढे वाकून बसायला सांगा. मलाशय आणि गुदमार्ग यांच्यातला कोन त्याने सरळ होतो. कुंथायचं नाही. दोन-तीन लाटांत काम होतं, म्हणून पहिल्या लाटेनंतर घाईने उठू नये. दाराला आतून कडी लावायची नाही. कळ, जोर आणि एकदम रिकामं होणं यात काही जणांचा रक्तदाब पडतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्ही दाराबाहेर उभे राहून मधूनमधून हाक मारा.

वडील संकोचतात, असं तुम्ही लिहिलंय. मुलाच्या हातून हे करून घेणं बहुतेक वडिलांना जड जातं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं तर त्यात गैर काही नाही. हात-पाय चालत असतील तर त्यांना स्वतःलाच करू द्या. डाव्या कुशीवर झोपून उजवा हात मागे नेता येतो. तुम्ही टोपण काढून, वंगण लावून बाटली हातात द्या आणि खोलीबाहेर थांबा. बऱ्याच घरांत तिढा इथेच सुटतो.

एनिमा दिल्यापासून ३० मिनिटांत शौचाला झालं नाही, म्हणजे द्रावण आत अडकलं आहे असं समजायचं. तेव्हा दुसरी बाटली नाही, डॉक्टरांना फोन. दुसरी दिली की अडकलेल्या फॉस्फेटवर तेवढंच फॉस्फेट पुन्हा चढतं, आणि ते काढणारी मूत्रपिंडं तीच. लघवी कमी होणं, पाय सुजणं, गुंगी, मुंग्या, गोळे, ठोके वेडेवाकडे वाटणं यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, तातडीने रुग्णालयात न्या. काम नीट झालं असेल तर दिवसभर थोडं जास्त पाणी प्यायला द्या. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन घातलं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि पोट मोकळं झाल्यावर पुढचे एक-दोन दिवस काहीच झालं नाही, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. आतड्याचा खालचा भाग रिकामा झालाय, तो भरायला वेळ लागतो. हे माहीत नसल्याने लोक तिसऱ्या दिवशी पुन्हा एनिमा देतात, मग चौथ्या दिवशी, आणि बघता बघता एनिमाशिवाय कळच येत नाही अशी तक्रार सुरू होते. आठवड्यातून एकदा एनिमा लागत असेल तर एनिमा हा उपाय राहिला नाही, तपासणी हवी.

घरगुती प्रयोगांबद्दल थोडक्यात. साबणाचं पाणी आतड्याचं अस्तर चांगलंच चुरचुरवतं आणि सूज आणतं. नुसतं साधं पाणी भांडं भरभरून पुन्हा पुन्हा दिलं तर ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. अंदाजाने मीठ घातलेलं पाणी उलट्या बाजूने तेच करतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने आतडं अक्षरशः पोळतं. कॉफीचे एनिमा ‘शरीर शुद्ध’ करायला म्हणून खपवले जातात, त्याने भाजल्याच्या आणि क्षारांचा तोल जाऊन जीव गेल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आतड्याला अशा धुलाईची गरज नसते.

आता मुळाशी. चार दिवस का झालं नाही? मी आधी गोळ्यांचा डबा मागते. पाणी काढणारी गोळी शरीरातलं पाणी कमी करते, मळ कोरडा होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः व्हेरापामिल, आतडं मंदावतात. लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या, नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती अमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, सगळी याच वाटेची. गुडघ्यासाठी गेल्या काही दिवसांत नवी गोळी सुरू झाली का, हे नक्की बघा. मात्र रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. थायरॉइड मंदावणं आणि मधुमेह हीही नेहमीची कारणं आहेत.

खडा निघाल्यानंतर पुन्हा तो बनू नये म्हणून तोंडाने घ्यायचं मऊ करणारं औषध एनिमापेक्षा कितीतरी बरं. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल एक ते तीन दिवसांत हळूहळू काम करतं, सेना किंवा बिसाकोडिलची गोळी रात्री घेतली तर साधारण ६ ते १२ तासांत. यातलं कोणतं आणि किती, ते डॉक्टरांना विचारा. इसबगोल चांगलं, पण खडा अडलेला असताना नाही, आणि भरपूर पाण्याशिवाय तर कधीच नाही. कपाट दारात अडकलेलं असताना मागून आणखी सामान ढकलल्यासारखं ते होतं. सवयीचं म्हणाल तर सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासात बसवा, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून हलतं. पायाखाली स्टूल, दहा मिनिटं, हातात फोन नको. झालं नाही तर उठायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. गुडघे दुखत असल्याने ते खाली बसणं, चालणं आणि कदाचित पाणी पिणंही टाळत असतील, कारण पाणी प्यायलं की वारंवार उठावं लागतं. हे विचारून बघा. बऱ्याच वयस्कर लोकांत बद्धकोष्ठाचं खरं कारण एवढंच निघतं.

आज डॉक्टरांना फोन कराल तेव्हा हे हाताशी ठेवा: शेवटचं शौच कधी आणि कसं झालं, वारा सरतोय का, पोट फुगलं आहे का, उलटी, ताप किंवा रक्त आहे का, सगळ्या गोळ्यांची नावं (डबा समोर ठेवूनच वाचा), मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी झाली आणि आकडा किती, आणि बाटलीवर छापलेली घटकद्रव्यं. बाटली फोडलेली नाही, हेही सांगा. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर औषध देणाऱ्या फार्मासिस्टला हीच यादी वाचून दाखवा. वात की मायक्रो-एनिमा, एवढं तो तिथल्या तिथे सांगू शकेल.